सांदणची घळ पावसाळ्यासाठी नाही

जूनच्या पहिल्या सरी आल्या की पुण्यातल्या सोसायटीच्या आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. शुक्रवारी रात्री निघा, ताम्हिणी, माळशेज आणि सांदण दरी एकाच वीकेंडला करा. पावसाळ्यातच घळीची खरी मजा आहे. तंबू वाटेल तिथे फुकट ठोका, सह्याद्री सगळ्यांचा आहे. एसयूव्ही असेल तर घाटाची काळजीच नको. हा बेत एक तर फसेल, नाहीतर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे 'पावसाळ्यातच मजा'. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ कातळाला पडलेली खोल, अरुंद भेग म्हणजे सांदण. दोन्ही अंगांना उभे कडे आणि मधल्या वाटेवर मोठमोठे धोंडे. पावसाळ्यात तिथे वाट उरतच नाही, तो ओढा होतो. माथ्यावरचं पाणी याच भेगेतून कोकणात उतरतं. आपला बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, पाणी फारसं मुरू देत नाही आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, मातीचा थर पातळ असतो. त्यामुळे वर सर कोसळली की पाणी लगेच घळीत येतं. आत असलेल्या माणसाला आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. माथ्यावर काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि पाणी आलंच तर बाजूला सरकायला जागा नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे उघडा काठ होता, काठावर माणसं होती, तरी कुणाला काही करता आलं नाही. सांदणमध्ये तर काठच नाही.

'आत्ता ऊन आहे, जाऊन येऊ' हेही म्हणू नका. २०२४ च्या जुलैअखेरीस ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. घाटमाथ्यावरचा पाऊस शिवाजीनगरच्या आभाळाकडे बघून ओळखता येत नाही.

सांदणचा खरा मोसम दिवाळीनंतरचा. हिवाळ्यात सुरुवातीच्या दोन कुंडांमध्ये गार पाणी असतं, कधी कमरेपर्यंत तर कधी त्याच्याही वर. उन्हाळ्याकडे ते आटत जातं. मेमध्ये वळवाचे ढग दिसायला लागले की घळीत उतरणं थांबवायचं.

आता 'तिन्ही एका वीकेंडला'. नकाशा उघडून बघा. ताम्हिणी पुण्याच्या पश्चिमेला, पौड आणि मुळशीवरून माणगावकडे उतरणारी. साम्रद उत्तरेला, नाशिक रस्त्यावरून अकोले तालुक्यात, जवळपास दोनशे किलोमीटरवर. हे सगळं दोन दिवसांत कोंबलं तर रविवारी संध्याकाळी परतीच्या घाटात स्टिअरिंगवर अशी व्यक्ती असेल जिची दोन रात्री झोप झालेली नाही. घाट उतरताना खालच्या गियरमध्ये धीराने यावं लागतं, आणि झोप डोळ्यांवर असली की सगळ्यात आधी हा धीरच जातो.

एसयूव्हीचं उत्तर थोडक्यात देता येतं. दरड गाडीची किंमत बघून पडत नाही. फरशी पुलावरून वाहणारं पाणी दोन फुटांवर गेलं तर मोठी गाडीही वाहून जाऊ शकते. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट तर पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंदच केला जातो. म्हणून निघण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघा.

'तंबू वाटेल तिथे' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सांदणचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, आणि ते १९८६ पासून आहे. ताम्हिणीचं जंगलही २०१३ मध्ये अभयारण्य झालं. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. होळीच्या सुमाराला गवत आणि पाचोळा इतका वाळलेला असतो की शेकोटीतली एक ठिणगी डोंगर पेटवायला पुरते. जंगल सोडलं तर उरलेली जमीन कुणाचं तरी भातखाचर असते. पीक काढलेलं असलं तरी मालक असतो, त्याला विचारायला हवं. आणि ओढ्याकाठची सपाट वाळू कितीही मोहात पाडो, तिथे तंबू लावायचा नाही. ती वाळू पाण्यानेच आणून टाकलेली आहे.

'फुकट' हा शब्द तर काढूनच टाका. साम्रदचे गावकरी अंगणात तंबू लावू देतात, जेवण रांधतात, वाट दाखवायला सोबत येतात. घळीत कुठे पाय ठेवायचा ते त्यांना माहीत असतं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

मग दोन दिवसांत काय करायचं? एकच घळ, एकच मुक्काम. डिसेंबर ते फेब्रुवारीतला एखादा शनिवार धरा, पहाटे निघा. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे. पेट्रोल राजूरच्या पुढे जाण्याआधीच भरा. संध्याकाळी घाटघरचा कोकणकडा बघा, रात्र साम्रदला काढा आणि सकाळी वाटाड्यासोबत घळीत उतरा. सोबत दोरवाली अनुभवी टीम नसेल तर पहिल्या मोठ्या कड्यावरून मागे फिरा. पुढे रॅपलिंग करूनच, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरूनच, जावं लागतं. ती वाट खाली शहापूर तालुक्यात डेहणे गावाकडे जाते आणि तुमची गाडी वर साम्रदला राहते. मग करोली घाट चढून परत यायचा तर आणखी एक दमदार चढाई. परतताना रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घ्या आणि अंधाराआधी नाशिक हायवे गाठा. जेवण किती जणांचं हे गावात आदल्या दिवशीच कळवा, तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो.