बीथोवनला ज्यांनी बाख दिला, ते नेफे

जर्मन संगीतकार बीथोवनचं चरित्र उघडलं की जर्मनीतल्या बॉन शहरातल्या त्याच्या गुरुजींना दोन-चार ओळी मिळतात आणि पान उलटतं. मला हे फार लागतं. मी स्वतः मुलांना पेटी शिकवते, म्हणूनही असेल.

क्रिश्चन गॉटलोब नेफे. जन्म १७४८, केम्निट्झ, शिंप्याचं घर. लायप्झिगला वकिली शिकले, पण जीव संगीतात. परीक्षेसाठी विषय घेतला तोही कसा, तर मुलगा नाटकाच्या नादी लागला म्हणून बापाला त्याचा वारसाहक्क काढून घेता येईल का! पुढे स्वतःच नाटक मंडळींत संगीतकार झाले आणि १७७९ मध्ये बॉनला आले. तिथे राज्य आर्चबिशपचं, म्हणजे मोठ्या कॅथलिक धर्मगुरूचं. दरबार कॅथलिक, हे प्रोटेस्टंट, तरी तिथले ऑर्गनवादक झाले.

त्यांच्याकडे लुडविग नावाचा पोरगा शिकायला आला, तोच बीथोवन. नेफेंनी त्याच्यापुढे बाख या आधीच्या काळातल्या थोर जर्मन संगीतकाराचं 'वेल टेम्पर्ड क्लेविअर' ठेवलं, म्हणजे पट्ट्यांच्या वाद्यासाठीचा रचनासंग्रह. ते तेव्हा छापलेलंही नव्हतं, हाताने उतरवलेल्या प्रतींवर चालायचं. प्रत्येक स्वराला 'सा' धरून रचलेले प्रिल्यूड (सुरुवातीचा मोकळा तुकडा) आणि फ्यूग (एकच धून एकामागून एक उचलून गुंफलेली रचना), एकेका हातात दोन-दोन धून सांभाळायच्या. लहान मुलाला एवढं अवघड द्यायचं तर त्याच्यावर केवढा विश्वास हवा! मार्च १७८३ मध्ये त्यांनी एका संगीत मासिकात या मुलाबद्दल लिहिलं, की असाच पुढे गेला तर नक्की दुसरा मोझार्ट होईल. त्याची पहिली रचना छापून आणली, तीही त्यांनीच.

आणि पुढच्याच वर्षी काय झालं? सत्तेवर नवे आर्चबिशप आले, खर्चाला कात्री लागली. दरबारी अहवालात सुचवलं गेलं की नेफेंना काढा, त्यांच्या जागी दुसरा ऑर्गनवादक १५० फ्लोरिनमध्ये (फ्लोरिन म्हणजे तेव्हाचं नाणं) मिळेल. नेफेंचा पगार ४०० होता, तो निम्म्यावर आणला. त्याच सुमारास बीथोवनला १५० फ्लोरिनवर नेमलं. आपणच शिकवलेलं पोर आपल्या पोटावर येतंय हे दिसत असताना हा माणूस शिकवत राहिला. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण इथे आहे. वर्षभरात पगार पूर्ववत झाला, पण त्या वर्षात घर कसं चाललं असेल!

व्हिएन्नाला गेल्यावर बीथोवनने त्यांना लिहिलं: मी कधी मोठा झालो, तर त्यात तुमचाही वाटा असेल.

१७९४ मध्ये फ्रेंच फौजा बॉनमध्ये शिरल्या, दरबार मोडला, नोकरी गेली. नेफे डेसाउच्या नाटकगृहात लागले आणि जानेवारी १७९८ मध्ये तिथेच वारले. बीथोवनची पहिली सिंफनी व्हिएन्नात वाजली ती एप्रिल १८०० मध्ये.