आधी मेहुण्याला उतरवा

एफडीच्या व्याजावर सुखाने झोपणाऱ्यांनी पुढचं वाचू नये. त्यांचं काही होऊ शकत नाही. बाकीच्यांनी जरा जवळ सरका.

पहिलं पथ्य, गुणाकार करायचा नाही. 2024 साली दादरला टोरेस नावाचं दागिन्यांचं झकपक दुकान उघडलं आणि मॉइसनाइटच्या खड्यांवर दर आठवड्याला 6 टक्के देऊ लागलं. शेवटी शेवटी तर आकडा 11 च्या आसपास गेला. आता घरातला एखादा आगाऊ भाचा मोबाइल काढून हिशेब मांडेल: आलेले पैसे तिथेच गुंतवत गेलं तर 6 टक्क्यांनी लाखाचे वर्षभरात वीस लाख, 11 टक्क्यांनी सव्वादोन कोटी. मग हे लोक स्वतःचेच लाखभर गुंतवून घरी का बसत नाहीत, असंही विचारेल. त्याला म्हणावं, तू तुझा अभ्यास कर.

खडाही फार निरखू नका. मॉइसनाइट हिऱ्यासारखा चमकतो, हिरा नसतो, प्रयोगशाळेत बनतो. तसेही तुम्ही खड्यासाठी कुठे गेला होतात!

सुरुवातीचे हप्ते अगदी वेळेवर खात्यात पडतील. तो मेसेज पुसू नका, सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, जमलं तर दहाव्यालाही दाखवा. हे पैसे येतात कुठून, हा प्रश्न रात्री कधीतरी पडेलच. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: तुमच्या मागून आलेल्याच्या खिशातून. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने टपालाच्या कुपनांचं नाव पुढे करून 45 दिवसांत 50 टक्के देऊ केले, तेव्हाही पैसे तिथूनच येत होते, आणि ऑगस्टपर्यंत खेळ आटोपला. पण पाँझीकडे गेलेले लोक बावळट होते. तुम्ही वेळेत बाहेर पडणार आहात. म्हणजे बुडायचं ते दुसऱ्या कुणीतरी, एवढंच तुमचं म्हणणं; त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

तो दुसरा कुणीतरी लांब शोधायची गरज नसते. मेहुणा असतो. त्याने लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे बाजूला ठेवलेत, हे तुम्हाला बायकोकडून कळलेलं आहेच. रविवारी जा. मटण होऊ द्या. "दाजी, यात रिस्क नाही ना?" असं तो हळूच विचारेल. तेव्हा हो-नाही काही बोलू नका, फक्त मोबाइल त्याच्यापुढे सरकवा. खोटं बोलल्याचं पाप नको. माणूस आणला की वर कमिशन, ते त्याला सांगायलाच हवं असं नाही. मग स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन, गावाकडचा चुलतभाऊ. बायकोचं मंगळसूत्र शेवटी. तोवर तीच विचारू लागलेली असते, "अजून टाकायचे का?"

डिसेंबर संपता संपता टोरेसचे पैसे यायचे थांबले, 2025 च्या जानेवारीत दादरच्या बंद दारापुढे गर्दी झाली. भाजी विकून पै-पै जोडलेले लोकही त्यात होते. कांदिवली, कल्याण, सानपाडा, मीरा रोड, सगळीकडे तेच. पोलीस ज्यांना म्होरके म्हणतात त्यांतले काही युक्रेनचे, ते तोवर देशाबाहेर. बघा, वेळेत बाहेर पडणं म्हणजे काय ते!

अशा वेळी खचू नका. सरकार काय झोपा काढत होतं, असं मोठ्याने विचारा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी एमपीआयडी नावाचा राज्याचा कायदा 1999 पासून आहे. मालमत्ता जप्त होतात, लिलाव होतात, कोर्टामार्फत वाटप होतं. वेळ लागतो खरा, पण आठवड्याच्या आठवड्याला पैसे मोजायची सवय असलेल्या माणसाला तारखा मोजणं काय जड आहे? तक्रार मात्र नीट लिहा. गुंतवलेली रक्कम रुपयापर्यंत अचूक हवी. मेहुण्यामागे मिळालेलं कमिशन लिहायचं राहून गेलं तरी बिघडत नाही. तो रांगेत तुमच्याच मागे उभा असेल, तो लिहील.