‘वेबसाइटवर पैसे घालवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने सोलापुरातल्या व्यापारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. चादरवाले, टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, डाळिंब बाहेर पाठवणारे, सगळ्यांकडे तो पोचलाय. मथळा आहे ‘मालक, वेबसाइटवर पैसे घालवू नका’ आणि खाली सहा मुद्दे. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि गुगल मॅप असताना वेबसाइट कशाला? आपला धंदा ओळखीवर चालतो. माहिती टाकली की शेजारचा माल कॉपी करतो. गुगलवर आपण पहिल्या पानावर येतच नाही. आता एआय दोन मिनिटांत फुकट वेबसाइट करून देतं. आणि एवढं करून हौस असेलच, तर ओळखीच्या पोराकडून पाच हजारांत एकदा करून टाका, विषय संपला.

लिहिणाऱ्याचे हात कुठंतरी पोळलेले दिसतात, आणि त्याचा राग खोटा नाही. कुठल्याही एमआयडीसीतल्या चार कारखान्यांच्या वेबसाइट उघडून बघा. वर सरकणारी चित्रं, त्यात हस्तांदोलन करणारे गोरे हात, खाली ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’, आणि उत्पादनांच्या पानावर ‘लवकरच येत आहे’. असल्या वेबसाइटवर पैसे घालवू नका, इथपर्यंत माझं मेसेजशी भांडण नाही. भांडण ‘म्हणून वेबसाइटच नको’ या पुढच्या उडीशी आहे. मी निर्यातीची कागदपत्रं करतो, वेबसाइट विकत नाही. माल घेण्याआधी समोरचा काय काय विचारतो ते रोज वाचायला मिळतं, त्या बाजूनं बोलतो.

व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, मॅपचं आधी घेऊ. वापरा की, जरूर वापरा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकानाची वेळ बदलली तर गिऱ्हाईक ती मॅपवरच बघणार, तिथं वेबसाइटचं काम नाही. पण या तिन्ही जागांचा मालक दुसरा आहे आणि निर्णय घेताना तो तुम्हाला विचारत नाही. २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. तिथं व्हिडिओ टाकून माल विकणाऱ्यांचं सगळं गिऱ्हाईक एका आदेशात गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी साधारण सहा तास बंद पडलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते म्हणून फारसं जाणवलं नाही, पण तिकडे अमेरिकेत कामाचा दिवस चालू होता.

यातला सगळ्यात बोलका दाखला मात्र गुगलचाच आहे. दुकानाची नोंद केली की गुगल एक फुकट छोटी वेबसाइटही देत असे. पुष्कळांनी ती घेतली, तोच पत्ता बिलावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये गुगलनं ही सोय बंद केली. काही महिने तो पत्ता मॅपवरच्या नोंदीकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. छापलेली कार्डं वाया गेली. यात गुगलनं फसवलं असं म्हणता येणार नाही, फुकट दिलेलं होतं ते काढून घेतलं.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि मेसेज पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यालाच. म्हणजे हे ओळखीच्या माणसाशी बोलायचं साधन झालं, आणि इथं मेसेजचा दुसरा मुद्दा आपोआप येतो.

‘आपला धंदा ओळखीवर चालतो.’ चालतो, कोण नाही म्हणतंय? सोलापुरातल्या विणकरांच्या पूर्व भागात अजूनही शब्दावर सूत उचललं जातं. पण ओळख निघाल्यावर पुढं काय घडतं ते बघा. हैदराबादच्या एखाद्या हॉटेलातल्या खरेदी अधिकाऱ्याला कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. हा पगारी माणूस. उद्या टॉवेल दोन धुण्यांत विटले तर ‘मित्रानं सांगितलं होतं’ हे त्याला फायलीत लिहिता येत नाही. म्हणून तो रात्री बसून तुमचं नाव शोधतो. त्याला तुमची गोष्ट ऐकायची नसते, वरच्या साहेबापुढं ठेवायला कागद हवा असतो. तो नाही मिळाला तर फोन करून विचारेलच असं नाही. यादीत दुसरं नाव असतंच, आणि आपल्याला कळतही नाही की आपण कुठल्या यादीतून गळालो. ओळखीनं किती काम आलं हे मालक बोटावर मोजून सांगतात, ओळख असूनही किती गेलं याचा हिशोब कुणाच्याच वहीत नसतो.

मग त्या कागदावर काय हवं? वेबसाइट करायची म्हटलं की मालक रंग आणि लोगोवर दोन बैठका घालवतात, या प्रश्नावर एकही नाही. टॉवेलच्या खरेदीदाराला हवं असतं: माप, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), डझनाचं वजन, सुताचा काउंट (सूत किती जाड-बारीक), बॉर्डर डॉबीची की जॅकार्डची (नक्षी विणायच्या दोन पद्धती), रंगाची पक्की खात्री, महिन्याला किती डझन निघतात, कमीत कमी ऑर्डर किती, आणि ऑर्डर पक्की झाल्यापासून माल किती दिवसांत न्हावा शेवा बंदराला लागेल. परदेशी खरेदीदार असेल तर आयात-निर्यात कोड आणि मालाचा एचएस कोड (कस्टममध्ये माल ओळखायचा क्रमांक). सुती टेरी टॉवेलचा ६३०२ ६० पासून सुरू होतो. ओइको-टेक्सचं प्रमाणपत्र (कापडात घातक रसायनं नसल्याची तपासणी) असेल तर त्याचा नंबर द्या. नुसत्या फोटोवर जाऊ नका, कारण तो नंबर त्यांच्या साइटवर कुणीही टाकून बघतो आणि दर वर्षी ते नवं करावं लागतं. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा फोटो टाकण्यापेक्षा काहीच न टाकलेलं बरं.

युनिफॉर्मचं गणित वेगळं. शाळेच्या संस्थाचालकाला जीएसएम सांगून उपयोग नाही. त्याला इयत्तेप्रमाणे मापांचा तक्ता हवा, जूनआधी किती दिवस ऑर्डर द्यायची ते हवं, आणि दिवाळीनंतर दहा मुलं नवी आली तर त्याच छटेचं कापड मिळेल का, याचं उत्तर हवं. हा शेवटचा प्रश्न प्रत्येक शाळा विचारते. तरी फारच थोडे कारखानदार त्याचं उत्तर कुठं लिहून ठेवतात, दर वेळी फोनवर नव्यानं सांगत बसतात.

चादरवाल्यांना तर जास्तच कारण आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण रस्त्यावर सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरात विणलेली नसते, हे आपण सगळे जाणतो. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकानं खरं-खोटं ओळखायचं कसं? ज्याचे माग इथं चालू आहेत त्यानं मागांचे फोटो, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तीही एका पानावर ठेवावी. नकली माल विकणारा नेमकं हेच दाखवू शकत नाही.

तिसरा मुद्दा, शेजारी कॉपी करतो. भावाचं सांगायचं तर शेजाऱ्याला तुमचा भाव दलालाकडून दुपारपर्यंत कळतो, त्याला वेबसाइटची गरज नाही. ठोक भाव तसेही टाकू नयेत, सुताचा दर हलला की ते खोटे पडतात. भाव कशावर ठरतो एवढं लिहिलं तरी पुरे. डिझाइनच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याची भीती खरी आहे, आणि त्याला वाटते त्याहून मोठी आहे. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नव्या डिझाइनची नोंदणी करता येते आणि दहा वर्षं, पुढे वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. अट एक: अर्ज करण्याआधी ते डिझाइन लोकांसमोर आलेलं नसावं. म्हणजे नवी जॅकार्ड आधी वेबसाइटवर झळकवली आणि मग नोंदणीला गेलात, तर अडचण तुम्हीच तयार केलीत. पण हेच इन्स्टाग्रामलाही लागू आहे. गंमत म्हणजे मेसेज पहिल्या मुद्द्यात इन्स्टावर फोटो टाका म्हणतो आणि तिसऱ्या मुद्द्यात वेबसाइटवर टाकू नका म्हणतो. आधी अर्ज, मग फोटो, जागा कुठलीही असो.

गुगलचं पहिलं पान. ‘टॉवेल’ एवढंच शोधणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही, बरोबर आहे. पहिला नंबर हमखास आणून देतो म्हणणाऱ्याला पैसेही देऊ नका. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गुगल सांगतं. पण तुमच्या फर्मचं नाव टाकून शोधणाऱ्याला काय दिसतं? मघाचा हैदराबादचा साहेब तेच टाकतो. शिवाय लोक नेमकंही शोधतात, ‘सलूनसाठी गडद रंगाचे टॉवेल, होलसेल’ वगैरे. तिथं गर्दी कमी असते. फक्त मजकूर वाचता येईल असा हवा. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं ब्रोशर चित्र म्हणून चिकटवलं तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, मराठी युनिकोडमध्येच (फोनवर टाइप होतं तसं) टाका. आणि गुगल आता वेबसाइटचं मोबाइलवर दिसणारं रूप धरून चालतं, तेव्हा ती ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर बघून पास करू नका, शेडमध्ये उभं राहून फोनवर उघडा. भाषेचं एक सुचवतो. तेलंगणातलं गिऱ्हाईक असेल तर एक पान तेलुगूत करा. आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे घरोघरी आहेत, नीट लिहिणारा एक शोधावा लागेल एवढंच.

एआयचा मुद्दा नवा आहे म्हणून त्याला दम आहे. सांगाडा खरंच दोन मिनिटांत उभा राहतो, आणि त्यासाठी कुणाला पन्नास हजार मोजायची गरज उरलेली नाही, हे मीही मानतो. पण त्याला तुमच्याकडे किती माग आहेत ते ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ते ‘अनेक दशकांची परंपरा’ आणि ‘जागतिक दर्जा’ लिहून मोकळं होतं, कधी नसलेलं प्रमाणपत्रही चिकटवून देतं. फोटोंचं तसंच. गुळगुळीत पांढऱ्या टॉवेलांची घडी, शेजारी फूल. खरेदीदार फोटो उलटा शोधतो, म्हणजे तो आणखी कुठं वापरलाय ते गुगलला विचारतो, तोच फोटो चार देशांतल्या चार कारखान्यांच्या वेबसाइटवर सापडतो, मग तुमच्या जीएसएमवरही त्याचा विश्वास बसत नाही. आपल्या मागावरचा, आपल्या पॅकिंग टेबलावरचा साधा फोटो चालेल, पट्टी शेजारी ठेवून काढलेला असेल तर उत्तमच. दोन मिनिटांचं काम एआयला द्या, पण त्याआधीचं माहिती गोळा करण्याचं काम दिवाणजी, मास्टर आणि मालक यांनाच बसून करावं लागतं.

राहिला ओळखीचा पोरगा आणि त्याचे पाच हजार. रकमेवर मला आक्षेप नाही. दहा पानांची साधी वेबसाइट स्वस्तात होऊ शकते. माझा आक्षेप ‘एकदा करून टाका’ या शब्दांना आहे. पोरगा वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या ईमेलवर स्वतःच्या नावानं घेतो. त्यात लबाडी नसते, त्याला तेच सोपं पडतं. वर्षभरात त्याला हिंजवडीत नोकरी लागते, नूतनीकरणाची सूचना त्याच्या कॉलेजच्या जुन्या ईमेलवर पडून राहते, आणि मुदत संपून सुटलेलं नाव दुसराच कुणी उचलतो. अशा नावांवर जुगाराच्या वेबसाइट चालतात. तुमच्या कार्डावर छापलेला पत्ता उघडला की रमी. नाव परत मिळवायला ‘डॉट इन’साठी तक्रारीची सोय आहे, पण ती लवादाची वाट आहे, वेळ आणि पैसा दोन्ही घेते. डोमेन सलग दहा वर्षांपर्यंत घेऊन ठेवता येतं आणि वर्षाचा खर्च हजाराच्या आत-बाहेर असतो. पाच हजारांत काय काय आलं हे विचारताना पहिला प्रश्न हाच हवा: नाव कुणाच्या नावावर आहे?

त्या नावाला जोडून ईमेलही घ्या. मध्येच कुणीतरी मिळता-जुळता फुकटचा ईमेल उघडून ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं खरेदीदाराला कळवतो आणि पैसे भलतीकडे जातात, ही फसवणूक निर्यातीत जुनीच आहे. स्वतःच्या डोमेनचा ईमेल असला की खोटा पत्ता निदान वेगळा दिसतो. ‘खातं बदलल्याचं आम्ही ईमेलवर कधीच कळवत नाही, फोन करून खात्री करा’ ही ओळ वेबसाइटवर ठळक असावी.

कायद्याची बाजू त्या पोराला माहीत नसते, आणि त्याचा दोषही नाही, ते मालकाचं काम आहे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर वेबसाइटच्या पहिल्याच पानावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि संपर्काच्या माणसाचं नाव द्यावं लागतं. २०१४ च्या कंपनी स्थापना नियमांत तसं आहे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला हा नियम नाही, तरी पत्ता लपवून कुणाचं भलं झालेलं नाही. वेबसाइटवरून थेट ग्राहकाला चादरी विकणार असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात: तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची, महिन्याच्या आत ती निकाली काढायची. चौकशीच्या फॉर्मवर लोकांची माहिती घेता तेव्हा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतो. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा आपल्यासारख्यांसाठी नसेलही, पण टॉवेलच्या चौकशीला जन्मतारीख विचारायचं कारणच काय?

आणि त्या फॉर्ममधून आलेली चौकशी वाचतं कोण? बहुतेक कारखान्यांत कुणीच नाही. हे काम ऑफिसातल्या एका माणसाच्या नावावर लावा, तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्याच्या. उत्तराला चार दिवस लागणार असतील तर फॉर्म काढून टाका आणि फोन नंबर ठेवा.

ज्यांची वेबसाइट आधीच आहे त्यांनी आजच ‘हू-इज’वर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या वेबसाइटवर, आपलं डोमेन टाकून बघावं. मुदत कधी संपते ते तिथं दिसतं. नोंद कुणाच्या खात्यात आहे ते वेबसाइट करणाऱ्याला विचारा, आणि ती त्याच्याच खात्यात निघाली तर तो अजून फोन उचलतोय तोवर आपल्याकडे वळवून घ्या.