सरकारी खर्चाचा वकील घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे

‘फुकटचा वकील मागितला म्हणजे गुन्हा कबूलच केला. आपल्या करातून चोरांना वकील, फिर्यादी मात्र वाऱ्यावर. कसाबलासुद्धा दिला होता!’ हा मेसेज महिनाभर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी तो खरा मानला आणि मुलाच्या जामिनासाठी खाजगी वकील करायला मंगळसूत्र गहाण टाकलं. आता गप्प बसवत नाही.

आधी कबुलीचं घेते, कारण मावशी तिथेच फसल्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ वाचा. कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. खरं तर तो मागावाही लागू नये. अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास यांचा खटला वकिलाविनाच चालला. त्यांनी वकील मागितला नव्हता, कारण मागता येतो हेच कोणी सांगितलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये त्यांची शिक्षा रद्द केली. हक्क ठाऊकच नसलेला माणूस तो मागणार कसा? सांगायची जबाबदारी न्यायाधीशाची. मग वकील घेणं ही कबुली कशी होईल?

कसाबला वकील दिला, हो. त्याची फाशी कायम करणाऱ्या २०१२ च्या निकालातच सुप्रीम कोर्टाने देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना बजावलंय: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला सांगा, वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल.

फिर्यादी वाऱ्यावर? फौजदारी खटला सरकारच चालवतं, सरकारी वकिलाचा पगारही आपल्याच करातून जातो. शिवाय त्याच कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फिर्यादी म्हणूनही मदत मिळते.

‘असले वकील काही कामाचे नसतात’ असंही खाली लिहिलंय. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि पुढे थेट फाशी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. अशा गंभीर खटल्यांत किमान १० वर्षं वकिली केलेलाच वकील द्या, असंही सांगितलं. म्हणजे वकील चांगला द्या, तयारीला वेळ द्या. देऊच नका, असं नाही.

हेल्पलाइन १५१००. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. पुढच्या तारखेआधी मावशींना घेऊन मी तिथे जाणार आहे.