पाणपिसवा सोडल्या म्हणून शेततळ्यातलं विष जात नाही

"शेततळं हिरवं झालं? मूठभर डाफ्निया म्हणजे पाणपिसवा सोडा. विषारी शेवाळ खाऊन विष पचवतात. 8 दिवसांत पाणी नितळ, मग गुरांना बिनधास्त पाजा. जर्मनीतल्या तळ्यात सिद्ध झालंय." हा मेसेज आता घरच्या ग्रुपवर फिरतोय, तोही गोठ्यात दुभती जनावरं असलेल्यांकडून. पाणपिसवा म्हणजे पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव. म्हणून स्पष्टच लिहितो.

आधी "गुरांना पाजा" याबद्दल, कारण यात जनावर दगावेल. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष बहुतांशी पेशीच्या आत असतं. पेशी मरून फुटली की ते पाण्यात उतरतं. म्हणजे तवंग विरून पाणी नितळ दिसू लागतं, नेमकं तेव्हाच विरघळलेलं विष जास्त असू शकतं. उकळून ते जात नाही. मोरचूद टाकलंत तर पेशी एकदम फुटतात आणि धोका वाढतो. या विषाचा घाव यकृतावर बसतो. पाणपिसवेच्या पोटात गेलेलं विषही नाहीसं होत नाही, काही तिच्याच अंगात साठतं.

"विषारी शेवाळ खातात" हेही असं सरसकट खरं नाही. पाणपिसू पायांच्या हालचालीने पाणी ओढून गाळते, कण पारखून घेत नाही. मायक्रोसिस्टिसचे पुंजके मोठे असले तर गाळणी तुंबते. ती शेपटाकडच्या नखीने अडकलेलं सगळं बाहेर लोटते, त्यात चांगलं खाद्यही जातं. मग वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात. तिचे भाऊबंद कोपेपॉड (पाण्यातलेच दुसरे इवले कवचधारी जीव) पारखून खातात. ते विषारी पेशी टाळून साधं हिरवं शेवाळ फस्त करतात आणि विषारी शेवाळाला रान मोकळं करून देतात.

जर्मनीचा दाखला अर्धा खरा आहे, तेवढं मान्य. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातली पाणपिसवांची जुनी अंडी उबवून नेल्सन हेअरस्टन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1999 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, की 1960च्या दशकातल्या पिसवांपेक्षा 1970च्या दशकाच्या अखेरच्या पिसवांची वाढ विषारी शेवाळामुळे कमी खुंटते. पण हा बदल नैसर्गिक निवडीतून, अनेक पिढ्यांनी झाला. त्यातून पिसवा तगल्या. पाणी पिण्याजोगं झालं, असं त्यात कुठेही नाही.

8 दिवसांचा हिशेब साध्या एकपेशी हिरव्या शेवाळापुरता जमूही शकतो. तळ्यात कटला मासा असेल तर तोही नाही, हा मासा पिसवाच खाऊन टाकतो.

हातमोजे घालून पारदर्शक बाटली पाऊण भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर आला तर निळं-हिरवं शेवाळ समजा. विषारी आहे की नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. तोवर जनावरांना दुसरं पाणी द्या आणि तळ्याला कुंपण घाला, वारा तवंग ढकलतो त्या काठाला सगळ्यात आधी. शेणखताचं आणि खतांचं वाहून येणारं पाणी बांध घालून अडवा, शेवाळाला फॉस्फरस तिथूनच मिळतो. प्यायलेलं जनावर झोकांड्या देऊ लागलं तर लगेच पशुवैद्याला बोलवा आणि पाण्याचा नमुना जपून ठेवा.