‘म्हाताऱ्यांना अंक नको, माणसं हवीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वृद्धाश्रमातल्या मंडळींबरोबर आम्ही दर तीन महिन्यांनी जो अंक काढतो, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी मांडते. हा अंक म्हणजे आमची हौस. त्या वयात माणसाला छापील नाव नको, जवळचं माणूस हवं. लेख आम्हीच लिहितो आणि त्यांच्या नावावर घालतो. त्यांच्या दुःखाचं प्रदर्शन होतं. असला अंक वाचणार कोण? आणि तेवढ्या पैशात औषधं आली असती. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे आटपाडीकडचे, तुमच्या आई आता मिरजेजवळ अशाच एका ठिकाणी राहतात आणि ‘तिला असल्या गोष्टींत ओढलेलं मला चालणार नाही.’

पैशांचं पटकन सांगून टाकते. आठ पानांचा अंक म्हणजे ए-थ्रीचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. पन्नासेक प्रतींना हजाराच्या आसपास खर्च येतो आणि तो आम्ही चौघं-पाचजण वाटून घेतो. पतसंस्थांचे अहवाल आणि लग्नपत्रिका लावणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अक्षरजुळणीचे पैसे लागत नाहीत. आश्रमाच्या देणगीतला रुपयाही यात जात नाही.

आता लेख कोण लिहितं ते. हळदीच्या पेठेत सगळं आयुष्य गेलेले एक आजोबा तिथे आहेत. हात थरथरतो म्हणून ते सांगतात आणि आमच्यातलं कुणीतरी लिहून घेतं. त्यांना सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर लिहायचं होतं. सांगलीतल्या तरुण मुलांनाही आता पेव माहीत नसतं. नदीकाठच्या मातीत खणलेला खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने त्या पेवांचं फार नुकसान केलं.

लिहून घेणारा मुलगा कॉलेजातला. त्याने सुरुवात केली, ‘पेव ही हळद साठवण्याची पारंपरिक पद्धत आहे.’ आजोबांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, “आधी कंदील घे. पेव उघडलं की लगेच माणूस सोडत नाहीत. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला म्हणजे आत श्वासाला हवा नाही, कुणी उतरायचं नाही. हे पहिल्यांदा लिही, बाकीचं मागनं.” मुलाने शेवटी स्वतःच्या मनाने ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ असं एक वाक्य जोडलं होतं. प्रूफ वाचून दाखवताना आजोबांनी ते पकडलं. “हे मी बोललो नाही. काढ. कंदील विझला तर हमालांची हजेरी बुडायची का नाही ते लिही, त्यावरनं भांडणं व्हायची.” लेख कंदिलापासून सुरू झाला आणि हजेरीवर संपला. आम्ही लिहिला असता तर तो असा झालाच नसता.

प्रत्येक मजकूर लावून झाला की ज्याचा त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि छपाईच्या दिवशी पुन्हा विचारायचं, असा आमचा नेम आहे, कारण मन बदलतं. एका आजींनी सुनेबद्दल बरंच सांगितलं होतं. प्रूफ ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “नको गं बाई. नातवाच्या हातात पडलं तर?” ते काढलं आणि त्या जागी हुलग्याच्या माडग्याची कृती गेली, तीही त्यांचीच. ज्यांची स्मृती ढळत चालली आहे त्यांचं घरातलं, नात्यागोत्यातलं काही आम्ही छापत नाही, त्यांनी आज हौसेने सांगितलं तरी नाही. पलंगावर पडलेल्या माणसाचा फोटो नाही. मदतीचं आवाहन नाही. प्रदर्शनाची तुमची भीती खोटी नाही. थकलेले चेहरे छापून देणग्या मागणारी पत्रकं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. या अंकात कुणी कुणाकडे काही मागत नाही, ही अट तिथल्याच मंडळींनी घातलेली आहे.

तुमच्या मुख्य मुद्द्याशी मात्र मला थांबायचं आहे. माणसं हवीत. हो, हवीतच. पण माणसं येतात ती कशी, हेही बघा. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी. केळी येतात, शिरा येतो, बिस्किटांचे पुडे येतात, सगळ्यांना ओळीत बसवून फोटो होतो आणि तासाभरात गाडी निघते. येणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आश्रमातला सगळा दिवस हा घेण्याचा दिवस असतो. चहा दिला, गोळी दिली, पाणी दिलं, आंघोळ घातली. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं घर चालवलं, शेत केलं, शाळा शिकवल्या, त्यांच्याकडे कुणी काहीच मागत नाही. सल्ला नाही, माहिती नाही, साधं मतसुद्धा नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. अंक त्यांच्याकडे मागतो. तारखेला हवं म्हणतो, उशीर झाला तर दारात उभा राहतो. तुम्हाला यात ओढणं दिसलं. मला यात त्यांचा मान दिसतो.

कोयनेच्या भूकंपाचा अंक काढला तेव्हाचं सांगते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेल्यावरची वेळ. तेव्हा कुठे होता, एवढंच सगळ्यांना विचारलं. एक आजी आहेत, त्यांना सकाळी नाश्ता झाला की नाही हे दुपारी आठवत नाही. त्यांनी मांडणीवरून काय काय पडलं ते क्रमाने सांगितलं. आधी तांब्या, मग पितळी डबे एकावर एक, आणि शेवटी दुधाचं पातेलं, ज्यात रात्री विरजण लावलं होतं. शेजारच्या खोलीतले, त्या वेळी पाटणला असलेले एक काका लगेच म्हणाले, “तुमच्याकडे डबे पडले, आमच्याकडे भिंत पडली.” इतके दिवस जेवणाच्या रांगेत एकमेकांच्या मागे उभे राहणारे हे दोघं त्या दिवसापासून बोलायला लागले. अमेरिकेतल्या रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ सालीच मांडलं होतं की म्हातारपणी जुन्या गोष्टी उगाळणं हे डोकं बिघडल्याचं लक्षण नाही. माणूस आपल्या आयुष्याचा पुन्हा आढावा घेत असतो आणि ते त्या वयातलं स्वाभाविक काम आहे. घरात आपण मात्र म्हणतो, ‘आई, हे तू दहांदा सांगितलंस.’

अंकावरून कुरबुरीही होतात आणि त्या झाल्या पाहिजेत. आमटी पातळ असते, असं एकाने लिहून दिलं. व्यवस्थापकांना ते छापायला नको होतं. मंडळींनी बैठक घेतली, वाद झाला, शेवटी तक्रार आणि शेजारी व्यवस्थापकांचं उत्तर असं दोन्ही छापायचं ठरलं. आमटी किती घट्ट झाली ते मला सांगता येणार नाही, पण आपल्या जेवणाबद्दल आपण बोलू शकतो हे त्या बैठकीत तिथल्या प्रत्येकाने पाहिलं.

शेवटचं पान गेलेल्या माणसांचं असतं. आश्रमात कुणी गेलं की खाट रिकामी होते, गादी उन्हात पडते आणि थोड्या दिवसांत तिथे दुसरं कुणी येतं. नाव काढायला जागाच उरत नाही. म्हणून हे पान त्यांनी मागून घेतलं. ‘दुःखद निधन’ लिहायचं नाही, तो माणूस काय करायचा ते लिहायचं, असं त्यांनीच ठरवलं. ‘दिवे घालवल्यावरही सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या’, एका बाईंबद्दल एवढीच ओळ होती.

मुलांना जाब का विचारत नाही, असंही तुम्ही विचारलंत. सगळेच काही मुलांनी टाकलेले नसतात. कुणी एकटे होते, कुणाची मुलगी लांब आहे, कुणी स्वतःहून आलेत. ज्यांना भांडायचं आहे त्यांच्यासाठी एका अंकात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची माहिती ठळक अक्षरात दिली होती: निर्वाहभत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा १० हजार रुपयांपर्यंत भत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास कलम २३ खाली परत मागता येते. ते पान कुणी घडी घालून उशीखाली ठेवलं ते मी पाहिलंय, त्यापुढे विचारलं नाही.

आणि वाचणार कोण? आपल्याच सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीत, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं घरगुती पत्रक म्हणून. पुढे तेच मासिक महाराष्ट्रभर घरोघरी गेलं. आमचा अंक असा कुठे जावा अशी माझी इच्छा नाही, त्यावर आम्ही ‘खाजगी वितरणासाठी’ असंच छापतो. पण गावाबाहेरच्या कारखान्यातल्या बातम्या जर वाचण्यासारख्या होत्या, तर ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाची बातमी वाचण्यासारखी नाही असं आपण कशावरून म्हणायचं? पहिले वाचक तर ते स्वतःच आहेत. त्यांच्यासाठी अठरा पॉइंटचा टंक, ओळींत मोकळी जागा आणि चकाकी नसलेला कागद वापरते, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना गुळगुळीत कागदावरचा उजेड सोसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना दुसरे वाचून दाखवतात.

राहिल्या तुमच्या आई. तुम्हाला चालणार नाही, हे कळलं. त्यांना चालेल का, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. पण ते त्यांना म्हणू द्या. पुढचा अंक १९७२ च्या दुष्काळावर आहे. त्या वेळी त्या आटपाडीत असतील तर मिलोच्या म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, मदतीत वाटलेली सुकडी, खडी फोडायचं काम, सगळं त्यांनी पाहिलेलं असेल. पाणी कुठून आणायच्या, एवढं एक जरी त्यांनी सांगितलं तरी आम्हाला हवं आहे. नाव घालायचं की नाही ते त्या ठरवतील. मजकूर महिनाअखेरपर्यंत हवा, फोनवर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलात तरी मी उतरवून घेईन. प्रूफ मात्र तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे पाठवीन.