तंबोऱ्याचे अर्धे तिकीट

गाणे शिकायला जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांची अशी समजूत असते की मुलगा तिकडे जाऊन गातो. सांगलीच्या गावभागात आमच्या बाईंकडे शिकलेल्या कोणालाही विचारा. गाणे हा तिथे शेवटच्या दहा मिनिटांचा विषय होता, त्याआधीचा सगळा वेळ तंबोरा लावण्यात जाई.

पाहायला गेले तर तारा चारच: पहिली पंचमाची, मधली जोड आणि शेवटची पितळी, खर्जाची. परंतु खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग मणी सूतभर सरकवून ती नेमकी जुळवायची, आणि जोड मिळते न मिळते तोच पंचम उतरलेला असायचा. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की खुंट्या फुगून जागच्या हलत नसत आणि एप्रिलात त्याच खुंट्या आपोआप सुटत, त्यामुळे खुंट्यांना चोळायच्या खडूची पूड बाईंच्या पदराला बाराही महिने लागलेली असे. मालकंस रागाच्या दिवशी पंचमाऐवजी मध्यम लावायचा असल्याने ती संध्याकाळ आम्ही हिशेबातच धरत नसू. ‘लागला’ असे आम्ही मोठ्या उमेदीने जाहीर केले की स्वयंपाकघरातून, भाकरी थापण्याच्या आवाजावरून, उत्तर येई, “जोडीतली दुसरी चढी आहे रे. आणि पहिलीही बघ, तिलाही वाईट वाटायला नको.”

खरी परीक्षा मात्र जवारी, म्हणजे तारांची गुंज, बिघडली की सुरू होई. तारा घासून घासून त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीला चरे पडतात, आवाज बसका होतो, आणि मग कारागिराकडून घोडी कानसून पुन्हा बोलती करून घ्यावी लागते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाईंनी ते मनोमन फार पूर्वीच देऊन टाकले होते, त्यामुळे सतारमेकर गल्लीखेरीज दुसरीकडे तंबोरा उघडायचाही नाही असा दंडक होता. वर्गात मी सर्वांत उंच, म्हणून वाहकाचा मान माझ्याकडे. वडापमध्ये माणसे एकमेकांच्या मांडीवर बसतात म्हणून वडाप बाद, रिक्षा गचके देते म्हणून रिक्षा बाद, उरली बस.

“हे कुठं ठेवायचं म्हणायचं?” कंडक्टरने गवसणीकडे पाहत विचारले.

“सीटवर. त्याचं अर्धं तिकीट द्या.”

“बाई, भोपळ्याला तिकीट नसतंय. लगेज लागंल.”

“लगेज टपावर जातं. हा टपावर जाणार नाही.”

अखेर माणुसकी म्हणून त्याने तंबोऱ्याला खिडकीची जागा दिली आणि मी मिरजेपर्यंत दांडी सांभाळत उभा राहिलो. विश्रामबागला चढलेल्या एका आजींनी “पेशंट आहे का हो?” असे दबक्या आवाजात विचारले, तेव्हा बाईंनी गंभीरपणे मान हलवून “आवाज बसलाय,” असे सांगितले.

कारागीर दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवत, छेडत, पुन्हा कानस फिरवत बसे, आणि बाई डोळे मिटून “अजून” म्हणत. या दोघांमध्ये घाई असलेले कोणी नसल्यामुळे दुपार तिथेच संपे. मध्येच त्या आम्हाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेत, कारण किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे. १९३७ साली दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर, गाडीत प्रकृती बिघडल्यामुळे खाँसाहेब एका लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच गात गात गेले, ही हकीकत सांगताना बाईंचा गळा दाटून येई, पण दुसऱ्याच क्षणी, “फलाटावर, अशा दुखण्यात, तिथेही आधी तंबोराच लागला असणार. आणि तुम्हाला पंख्याखाली बसून लागत नाही!” असा तात्पर्याचा रट्टा बसे. त्यांच्या सगळ्या कथा याच मुक्कामाला पोहोचत, हे माहीत असूनही आम्ही त्या पुन्हा पुन्हा सांगायला लावत असू.

पुढे एका गुरुपौर्णिमेला आम्ही वर्गणी काढून त्यांना विजेवर चालणारा तंबोरा दिला. “डबी चांगली आहे,” एवढेच म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली. काही महिन्यांनी ती स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी सुरू असलेली सापडली. भाकरी करताना दोन्ही हात गुंतलेले असतात, असे स्पष्टीकरण मिळाले. आम्हाला जिंकल्यासारखे वाटले. तथापि त्या डबीलाही सूर बारीक जुळवण्याची एक फिरकी असते, आणि ती बाईंच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांच्या घरी हल्ली फोडणी पडण्याआधी डबी लावली जाते, आणि दोन वाजल्याशिवाय पानावर बसायला मिळत नाही, असे काका येईल त्याला सांगतात.